हायब्रीड घेताय? आधी तुमचा रस्ता कोणता ते बघा

मेहुण्याने स्ट्राँग हायब्रीड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं गेली, कंदी पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी गडी मला घेऊन साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला निघाला. घाट उतरताना पडद्यावर बॅटरीच्या कांड्या एकेक करून भरायला लागल्या. "दाजी, इंजिन बंद हाय बघा. फुकटात चार्जिंग!"

फुकटात कसलं बाबा, वर चढताना जाळलेल्या पेट्रोलमधलंच थोडं परत मिळत होतं. आणि निम्म्या घाटातच बॅटरी फुल. मग इंजिन घुमायला लागलं, पेट्रोल न जाळता, नुसता वेग आवरायला. टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा या गाड्यांची हायब्रीड बॅटरी 0.76 युनिटची, म्हणजे घरातला गीझर अर्धा तासही चालणार नाही एवढी. तिच्यात साठवणार तरी किती?

कागदावर या गाड्यांचं ॲव्हरेज 27.97. (माइल्ड हायब्रीडचं प्रकरण वेगळं. ती निव्वळ बॅटरीवर तसूभरही सरकत नाही, पण शोरूममध्ये "हायब्रीडच आहे सर" म्हणून गळ्यात मारतात.) स्ट्राँग हायब्रीड पेट्रोल वाचवते ते मुख्यतः सिग्नलला, गर्दीत, ब्रेक मारताना. इंजिन बंद राहतं, मोटर गाडी ढकलते, ब्रेकमध्ये वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. हायवेला एका वेगात चाललात तर ब्रेकच नाही, मग परत काय मिळणार? इंजिन मुळात काटकसरीचं असतं म्हणून थोडा फायदा राहतो, एवढंच. आम्ही टाकी फुल करून शंभरच्या वेगाने पुणे गाठलं, परत टाकी फुल केली. 20 पडलं.

आता आपलं सातारा घ्या. राजवाडा ते पोवई नाका हे काय अंतर झालं? इंजिन तापेपर्यंत पोहोचलो. गार इंजिन तापवायला हायब्रीडलाही पेट्रोल लागतंच. आणि ज्यांचं रनिंग खरंच जास्त आहे ते सगळे हायवेला, पुणे नाहीतर कराड-कोल्हापूर. म्हणजे जिथे फायदा आहे तिथे आपलं रनिंग नाही, आणि रनिंग आहे तिथे फायदा कमी.

माझा हिशोब असा. वर्षाला 10,000 किलोमीटर, साधी पेट्रोल 15 देते, हायब्रीड 21, पेट्रोल 105 रुपये. वाचले साधारण 20,000. मला किमतीतला फरक सांगितला साडेतीन लाख. वसूल व्हायला साडेसतरा वर्षं, आणि बॅटरीची वॉरंटी 8 वर्षांची! त्यात सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रीडला जीएसटी 40 टक्के, इलेक्ट्रिकला 5. पुण्यात रोज हिंजवडी करणाऱ्याने मात्र डोळे झाकून घ्यावी, त्याचं गणितच वेगळं.

हे सगळं मी मेहुण्याला ऐकवलं होतं. मागच्या रविवारी लग्नाहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे दोन तास अडकलो. पुढे त्याची गाडी, इंजिन बंद, आत एसी गारगार, मधूनच दोन मिनिटं इंजिन लागायचं आणि परत गप. मागे माझी दहा वर्षांची पेट्रोल घुरघुरत, काटा खाली खाली. शेवटी मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या.

बायको एक शब्द न बोलता उतरली आणि भावाच्या गाडीत जाऊन बसली.