माहेर हातचं गेलं, मग ही बाग उभी राहिली

परवा इंग्लंडातल्या केंट परगण्यामधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. 'काय राजेशाही थाट!' असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. थाट आहेच. पण तिथून आल्यापासून माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय.

ही बाग व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी लावली. व्हिटाचं माहेर म्हणजे नोल, केंटमधलाच भलाथोरला वाडा. आईवडिलांची एकुलती एक. १९२८ मध्ये वडील गेले आणि किताब नि वाडा दोन्ही काकांकडे गेले, कारण ही मुलगी. दोन वर्षांनी तिने सिसिंगहर्स्ट पाहिलं. सोळाव्या शतकातला मनोरा, भोवती पडझड, आवारात मोडके पलंग आणि सार्डिनच्या रिकाम्या डब्यांचे ढीग. तरी घेतलं. गंमत बघा, त्या जागेच्या जुन्या मालकांची लेक, सिसिली बेकर, पूर्वी सॅकव्हिलांच्याच घरात दिली होती. म्हणजे बाईंनी फिरून फिरून खापरपणजीच्याही पलीकडच्या कुणा आजीचं माहेर विकत घेतलं!

आम्ही एप्रिलमध्ये गेलो. 'लाइम वॉक' वाचून मी लिंबाची झाडं शोधत होते, निघाली लिंडनची; इंग्रज या सावलीच्या झाडालाही 'लाइम'च म्हणतात. दोन्ही बाजूंना ओळीत, फांद्या एकमेकींत गुंफून भिंतीसारख्या वळवलेल्या, पण अजून पानं नीट फुटायची होती. तीच तर खुबी. झाडं सावली धरायच्या आत खालच्या कंदांना आपलं सगळं उरकून घ्यायचं असतं. म्हणून डॅफोडिल, ट्यूलिप, इवल्या द्राक्षघडासारखी निळी मस्कारी, सगळ्यांची एकच घाई. एक जांभळट फूल तर मान खाली घातलेल्या घंटेसारखं, पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटाचे चौकोन. कुणी रंगवले असतील असंच वाटावं. हे कंद आदल्या शरद ऋतूत लावायचे आणि हिवाळाभर जमिनीत थंडी खाऊ द्यायची. ट्यूलिपला तर तशी थंडी मिळाल्याशिवाय धड फूल येत नाही. हा पट्टा हॅरॉल्डचा. लंडनच्या राजकारणात वावरलेला माणूस, पण 'माझं आयुष्यभराचं काम' म्हणायचा ते या रस्त्याला.

शेजारी हेझलनटची राई. तिच्याखाली पूर्वी प्रिमुलांचा रंगीबेरंगी गालिचा असायचा. वर्षानुवर्षं तेच लावून जमीन कंटाळली, रोपं तग धरेनात. शेवटी माळ्यांनी तो नाद सोडून रानातली मिश्र झाडं लावली. मला हे फार आवडलं. नावाजलेल्या बागेतही हट्ट सोडावा लागतो.

तर डोक्यात घोळत होतं ते हे. बाबा गेल्यावर मीही हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. 'तुला काय कमी आहे तिकडे?' एवढंच. खरंच काही कमी नव्हतं. मागल्या दारचा सोनचाफा मात्र आता भावाच्या नावावर आहे आणि मला पाहुणी म्हणून बघावा लागतो. कायदा माझ्या बाजूने होता, व्हिटाच्या नव्हता, आणि तरी दोघी एकाच जागी पोचलो. हे मला टोचतं.

तिला बिचारी मात्र ठरवू नका. पडका का होईना, अख्खा गढीवजा वाडा विकत घेणारी बाई ती. कुदळ मारायला माळी होते. वाडा नाही मिळाला तरी मिजास मिळालीच. १९३८ पासून शिलिंगभर तिकिटावर लोक बाग बघायला येऊ लागले, त्यांना ती 'शिलिंगवाले' म्हणायची. पुढे मुलाने जागा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुने वाडे-बागा जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, द्यायचं सुचवलं तेव्हा भडकली. आपल्या दारावर त्यांची धातूची पाटी तिला नको होती. ती गेली १९६२ मध्ये आणि १९६७ मध्ये ट्रस्टने ताबा घेतलाच. नोलही ट्रस्टकडेच आहे, ज्या दाराने तिला बाहेर ठेवलं त्यातून आज तिकीट काढून कुणीही आत जातं. आम्हीही शिलिंगवालेच, फक्त तिकीट जरा महागलंय.

जायचं असेल तर एप्रिल गाठा. लंडनहून स्टेपलहर्स्टपर्यंत ट्रेन आहे. जूनमध्ये तिच्या पांढऱ्या फुलांच्या बागेसाठी झुंबड उडते, तीही बघण्यासारखी. पण तेव्हा लाइम वॉकमध्ये सावली असते आणि कंद मातीखाली गेलेले असतात.