ते वाक्य मारी आंत्वानेतचे नव्हे

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याविषयी मराठीत एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा सारांश असा : ऑस्ट्रियाची ही राजकन्या लाडाकोडात वाढली, त्यामुळे गरिबी म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हते, फ्रान्समध्ये आल्यावर तिने कपड्यांवर आणि हिऱ्यांवर एवढा पैसा उधळला की देशाचे दिवाळे निघाले, उपाशी लोक दाराशी आले तेव्हा ‘ब्रेड मिळत नसेल तर केक खा’ असे ती म्हणाली, आणि त्या वाक्याने भडकलेल्या जमावाने तिचे मुंडके उडवले. या चार विधानांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही. मी तिची वकिली करायला बसलेलो नाही. तिच्या हातून एक अत्यंत गंभीर गोष्ट घडली, तिच्याकडे मी पुढे येणार आहे. आणि नेमकी तीच गोष्ट या मजकुरात कुठेही नाही.

सुरुवात वाक्यापासून करतो, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मूळ फ्रेंच वाक्यात केक नाही, ‘ब्रिओश’ आहे, म्हणजे लोणी आणि अंडी घालून केलेला मऊ पाव. ते येते फ्रेंच विचारवंत रूसोच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या सहाव्या भागात, आणि तिथे ते ‘एका थोर राजकन्येचे’ म्हणून सांगितलेले आहे. नाव दिलेले नाही. रूसोने हा भाग १७६० च्या दशकात लिहिला. मारी आंत्वानेतचा जन्म २ नोव्हेंबर १७५५ चा, आणि १७७० पर्यंत तिने फ्रान्समध्ये पाऊलही ठेवले नव्हते. रूसो लिहीत होता तेव्हा ती व्हिएन्नातली एक लहान मुलगी होती. पुढे तिच्याच धाकट्या दिराने, म्हणजे नंतरच्या अठराव्या लुईने, आपल्या आठवणींत याच धर्तीचे एक वाक्य चौदाव्या लुईच्या राणीच्या नावावर सांगितले आहे. ती राणी स्पेनहून आलेली होती, हे मला विशेष वाटते. असली वाक्ये परक्या घरातून आलेल्या सुनेला फार लवकर चिकटतात.

उपाशी लोक खरोखरच दाराशी आले होते, हे मात्र खरे आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका भर पावसात व्हर्सायपर्यंत, म्हणजे राजाच्या राजवाड्यापर्यंत, चालत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यासोबतच्या काही जणांनी राजवाड्यात शिरून पहारेकऱ्यांना ठार केले. सकाळी खाली चौकात जमलेल्या लोकांनी राणीने बाहेर यावे अशी मागणी केली. ती दोन्ही मुलांना घेऊन सज्जात आली, तेव्हा ‘मुले नकोत’ असा ओरडा झाला. तिने मुलांना आत पाठवले आणि हात छातीशी धरून ती एकटी उभी राहिली. त्या सज्जात कुठल्याही पावाची गोष्ट निघाली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १७७५ मध्ये, धान्य महागल्यामुळे दंगली उसळल्या होत्या, आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या राज्याभिषेकानंतर तिने आईला पत्र लिहिले. स्वतः हलाखीत असूनही लोक आपल्याशी इतके प्रेमाने वागतात, तेव्हा त्यांच्या सुखासाठी झटणे हे आपले अधिकच कर्तव्य ठरते, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याप्रमाणे ती पुढे वागली का, हा प्रश्न रास्त आहे. पण भुकेची तिला गंधवार्ता नव्हती, असे हे पत्र वाचून म्हणता येत नाही.

आता लाडाकोडाचे विधान. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या सोळा अपत्यांपैकी ही पंधरावी, नाव मारिया आंतोनिया. ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग आणि फ्रान्सचे बूर्बाँ ही घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी. १७५६ मध्ये, ती जेमतेम सहा महिन्यांची असताना, त्यांच्यात तह झाला आणि तो टिकवण्यासाठी सोयरिकी जुळवणे हे तिच्या आईच्या राजकारणाचे एक मोठे अंग बनले. मुलींच्या वाट्याला त्यात काय आले ते पाहावे. नेपल्सच्या राजाला योहाना ही मुलगी द्यायची ठरली, ती १७६२ मध्ये देवीच्या रोगाने गेली. तिच्या जागी योसेफा ठरली, तीही १७६७ मध्ये देवीनेच गेली. मग १७६८ मध्ये कारोलिनाला पाठवण्यात आले. ही आंतोनियाची सगळ्यांत लाडकी बहीण. १७६७ च्याच साथीत आणखी एक बहीण एलिझाबेथ हिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले आणि तिच्या लग्नाची बोलणीच थांबली. फ्रान्सच्या युवराजासाठी उरली ती धाकटी. वडील १७६५ मध्येच वारले होते.

तिच्या शिक्षणाकडे कोणी फारसे पाहिलेच नव्हते. संगीत ती संगीतकार ग्लुक यांच्याकडे शिकली आणि नृत्यात तरबेज झाली, पण लग्न ठरत आले तेव्हा ध्यानात आले की तिला फ्रेंच वा जर्मन यांपैकी एकही भाषा नीट लिहिता येत नाही. आबे द व्हेर्माँ या धर्मगुरूंना घाईने फ्रान्सहून बोलावण्यात आले. लोक समजतात त्यापेक्षा मुलगी हुशार आहे, परंतु तिला एका जागी लक्ष लावून बसण्याची सवय नाही, असे त्यांचे मत झाले. १६ मे १७७० रोजी व्हर्सायच्या प्रार्थनागृहात विवाहनोंदणीच्या पुस्तकात तिने सही केली, त्या सहीशेजारी शाईचा मोठा डाग पडलेला आजही दिसतो. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. सरहद्दीवर, ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर, तिच्या अंगावरचे माहेरचे कपडे उतरवून फ्रेंच कपडे चढवण्यात आले होते आणि माहेरची माणसे तिथूनच परत फिरली होती.

पुढची सात वर्षे नवरा-बायकोत शरीरसंबंध नीट आला नाही आणि सगळा दरबार त्याची चर्चा करत राहिला. व्हिएन्नाचा राजदूत मेर्सी तिच्या बारीकसारीक वागण्याची खबर गुपचूप आईला पोचवत असे, आणि आईच्या पत्रांतून त्याबद्दल बोलणी येत. पहिली मुलगी झाली ती १७७८ च्या डिसेंबरात. ज्याला आपण लाडाकोड म्हणतो, त्याचा यात मला मागमूस लागत नाही. तिला आयुष्याची तयारी मिळालीच नाही, आणि जी थोडीफार मिळाली ती तहाची मोहोर होण्यापुरती होती.

उधळपट्टीच्या आरोपात तथ्य आहे, ते नाकारू नये. कपड्यांसाठी तिला वर्षाला १,२०,००० लिव्र (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन) मंजूर होते आणि १७८५ मध्ये तिने २,५८,००० लिव्र खर्च केले; जुगारात ती पैसे घालवत असे; पोलिन्याक घराण्यातल्या आपल्या मैत्रिणीच्या गोतावळ्यावर तिने पदे आणि वेतने यांची खैरात केली. पण देशाचे दिवाळे हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब उपलब्ध आहे. १७८८ मध्ये राज्याचा खर्च सुमारे ६२.९ कोटी लिव्र होता. त्यातला निम्म्याहून अधिक भाग कर्ज आणि व्याज फेडण्यात जात होता, सुमारे एक चतुर्थांश सैन्य, आरमार आणि परराष्ट्र व्यवहार यांवर, आणि राजा, राणी, राजाचे भाऊ व सगळा दरबार मिळून सहा टक्क्यांच्या आसपास. राणीच्या कपड्यांचा तो गाजलेला आकडा या रकमेच्या दर हजार लिव्रमागे अर्धा लिव्रही भरत नाही.

कर्ज वाढले ते युद्धांमुळे. इंग्रजांना नमवण्यासाठी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने १०० कोटी लिव्रपेक्षा जास्त पैसा ओतला, आणि तो बहुतांशी कर्जाऊ होता. (याच इंग्रजविरोधाच्या काळात, १७७७ मध्ये, सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस राजाचा वकील म्हणून पुण्यात नाना फडणीसांकडे आला होता.) ज्यांच्याकडे पैसा होता त्या सरदार-धर्मगुरूंना बहुतेक करांतून सूट होती, आणि ती काढण्याचा प्रयत्न केला की तेच आडवे येत. १७८७ मध्ये तुटीचा आकडा बाहेर फुटला तेव्हा राणीला ‘मादाम डेफिसिट’, म्हणजे तूटबाई, असे नाव पडले. हे नाव करसवलत उपभोगणाऱ्या सगळ्यांच्या पथ्यावर पडले.

हिऱ्यांच्या हाराबद्दल तर उलटीच गोष्ट खरी आहे. ६४७ हिऱ्यांचा, १६ लाख लिव्रचा तो हार जवाहिरांनी तिला देऊ केला होता आणि तिने तो नाकारला होता. जान द ला मोत या बाईने कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू, रोआँ यांना पटवले की राणीला तो गुपचूप घ्यायचा आहे. १७८४ च्या उन्हाळ्यात व्हर्सायच्या बागेत रात्री राणीसारखी दिसणारी एक मुलगी उभी करून त्यांची भेटही घडवली. हार घेण्याच्या करारावर सही होती ‘मारी आंत्वानेत द फ्रांस’ अशी. फ्रान्सच्या राण्या फक्त आपले नाव लिहीत, पुढे काही जोडत नसत. दरबारात वाढलेल्या कार्डिनलना हे कळायला हवे होते. हार तुकडे करून विकला गेला. ३१ मे १७८६ रोजी न्यायालयाने कार्डिनलना निर्दोष सोडले, जान द ला मोतला चाबकाचे फटके आणि तापल्या लोखंडाचे डाग मिळाले, आणि जिने तो हार कधी गळ्यात घातलाच नाही त्या राणीचे नाव कायमचे गेले.

राहिले शेवटचे विधान, जमावाचे. मुंडके जमावाने उडवले नाही. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजसत्ता कोसळली, २१ जानेवारी १७९३ रोजी राजाला गिलोटिनवर चढवले, ३ जुलैला आठ वर्षांचा मुलगा तिच्यापासून काढून घेतला आणि १४ ऑक्टोबरला क्रांतिकारी न्यायासनासमोर ‘कापेची विधवा’ म्हणून (कापे हे पदच्युत राजाला क्रांतिकारकांनी दिलेले आडनाव) तिच्यावर खटला उभा राहिला. खजिना रिकामा केला, ऑस्ट्रियाच्या सम्राट असलेल्या भावाला लाखो लिव्र पाठवले, कट केले, अशा आरोपांखेरीज स्वतःच्या मुलाशी संबंध ठेवल्याचा किळसवाणा आरोपही त्यात होता. ‘इथे हजर असलेल्या सगळ्या मातांना मी साद घालते’, असे तिने त्यावर म्हटले. इतक्या थराला गेलेल्या अभियोक्त्याच्या आरोपपत्रातही पावाचे ते वाक्य नाही.

आणि इथे ती गोष्ट येते. १७९२ च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रियाशी युद्ध तोंडावर आलेले असताना, राणीने फ्रेंच सैन्याच्या चढाईचा बेत मेर्सीला कळवला. ज्या देशाची ती राणी होती, त्याच देशाच्या सैनिकांच्या हालचाली तिने शत्रूच्या हाती दिल्या. हा देशद्रोह होता आणि त्याला दुसरे नाव देता येणार नाही. न्यायासनासमोर तिची ती पत्रे नव्हती, ती कितीतरी नंतर उजेडात आली. तरी परकीयांशी संगनमत याच आरोपावर ती दोषी ठरली आणि तो आरोप खरा होता. नवऱ्याचे राज्य वाचवण्यासाठी माहेरची फौज बोलवावी असे तिला का वाटले, हे समजून घ्यायला व्हिएन्नातल्या त्या पंधराव्या मुलीकडे परत जावे लागते. दोन घराण्यांमधला दुवा होणे हे एकच काम तिला शिकवले गेले होते.

१६ ऑक्टोबर १७९३ ला पहाटे निकाल लागला. साडेचारच्या सुमारास तिने नणंद एलिझाबेथला पत्र लिहायला घेतले. आमच्या मृत्यूचा सूड घेण्याचा प्रयत्न माझ्या मुलाने कधीही करू नये, असे त्यात आहे. दुपारी ती गेली. पत्र नणंदेला कधीच मिळाले नाही. पुढल्या वर्षी तिलाही गिलोटिनवर चढवण्यात आले, आणि ते पत्र १८१६ मध्ये क्रांतिकाळच्या संसदेतल्या एका माजी प्रतिनिधीच्या कागदपत्रांत सापडले.