आठ हजारांत थिएटर? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

सणासुदीच्या सेलच्या दिवसांत हा मजकूर या ना त्या रूपात फिरतोच: ‘पन्नास हजारांचा टीव्ही घेऊ नका. आठ हजारांत प्रोजेक्टर मिळतो. ९००० ल्युमेन्स, फोर-के, २०० इंची चित्र, दिवसाही स्वच्छ दिसतं, पडदा लागत नाही, नेटफ्लिक्स आतच.’ यावर विश्वास ठेवून घेतलेला प्रोजेक्टर महिनाभरात माळ्यावर जातो आणि ‘प्रोजेक्टर म्हणजे पैसे पाण्यात’ असं घरात कायमचं ठरून जातं. याचं मला वाईट वाटतं, कारण कमी पैशांतही प्रोजेक्टरवर सिनेमा उत्तम बघता येतो.

सगळ्यात मोठी फसवणूक ल्युमेन्सच्या, म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या एकूण उजेडाच्या, आकड्यात आहे. प्रोजेक्टरचा उजेड मोजायची पद्धत ठरलेली आहे. पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजायचा आणि सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. हे आन्सी (अमेरिकी मानक संस्था) ल्युमेन्स. खोक्यावर नुसतं ‘ल्युमेन्स’ छापलं असेल, तर तो आकडा कुठे आणि कसा मोजला याचा काहीच पत्ता लागत नाही. ९००० छापलेल्या स्वस्त यंत्रातून भिंतीवर बहुतेकदा दोन-तीनशे आन्सी ल्युमेन्सच पोचतात. अशाच फुगवलेल्या आकड्यांवरून प्रोजेक्टर बनवणाऱ्या एप्सनने अमेरिकेत काही विक्रेत्यांना कोर्टात खेचलं आहे.

खरे २०० ल्युमेन्स धरून हिशेब करू. १०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. पांढऱ्या भिंतीवर ते साधारण २३ निट्स (चित्राच्या उजळपणाचं एकक) उजळ दिसेल. डिजिटल थिएटरच्या पडद्याचं मानक ४८ निट्स आहे, तेव्हा हा त्याच्या निम्माच उजेड झाला. २०० इंचांवर क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड सहा निट्सच्याही खाली जातो. तसंही त्या चित्राला साडेचौदा फूट रुंद भिंत हवी, आणि प्रोजेक्टर बहुतेकदा त्याहूनही जास्त मागे. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे बसवणार कुठे?

आता तेच २०० ल्युमेन्स ७० इंचांवर आणा. उजेड ४७ निट्सच्या आसपास येतो, थेट थिएटरच्या बरोबरीला! अंधाऱ्या खोलीत हे चित्र खरोखर सुंदर दिसतं. स्वस्त प्रोजेक्टरचं बळ इथे आहे, आणि फॉरवर्ड नेमकं तेच सांगत नाही.

‘दिवसाही दिसतो’ हे मात्र मुळातच चुकीचं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे उजेड पडत नाही ती भिंत आपल्याला काळी वाटते. दिवे लावलेल्या हॉलच्या भिंतीवर शंभर-दीडशे लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) सहज असतात आणि आपला प्रोजेक्टर ७० इंचांवर तेवढेच देतो. मग पांढरं काळ्याच्या जेमतेम दोन-अडीच पट उजळ राहतं. दुपारी खिडकी उघडी असेल तर तेवढंही नाही. दुपारची मॅच बघायची तर टीव्हीच घ्या, किंवा आधी खिडक्यांच्या जाड पडद्यांवर खर्च करा.

फॉरवर्डमधलं फोर-के म्हणजे ‘फोर-के सपोर्ट’: यंत्र तो सिग्नल घेतं, मग आपल्या पॅनेलच्या (आतल्या, चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) मापात आणतं. शोधायचा शब्द ‘नेटिव्ह’, म्हणजे पॅनेलमध्ये खरोखर असलेले पिक्सेल. नेटिव्ह १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, नेटिव्ह ७२० म्हणजे ९.२ लाख. शिवाय प्रोजेक्टर तिरपा ठेवून कीस्टोन या सोयीने चौकट सरळ केली की त्यातलेही काही वाया जातात. म्हणून तो भिंतीसमोर सरळच ठेवावा.

पडदा लागत नाही, हे मात्र मला पटतं. पुट्टी नीट घासलेली, मॅट पांढरा रंग दिलेली भिंत सुरुवातीला पुरते. चकचकीत रंग नको, मधोमध उजेडाचा डाग पडतो. क्रीम रंगाची छटा चित्रात उतरते.

नेटफ्लिक्सचं बघताना सावध राहा. अनेक स्वस्त यंत्रांना त्याची अधिकृत मान्यता नसते; मग ॲप चालत नाही, किंवा चालल्यास ४८० च्या धूसर चित्रावर अडकतं. प्रोजेक्टर घेताना एचडीएमआयला लावायच्या, नेटफ्लिक्स चालवणाऱ्या स्टिकचे आणि बऱ्या स्पीकरचे पैसे बाजूला ठेवाच. स्पीकर वायरने जोडा, ब्लूटूथवर ओठ आणि आवाज मागेपुढे होऊ शकतात.

घ्यायचा कसा, तर माझा क्रम असा: आधी लेखी आन्सी किंवा आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) आकडा, मग नेटिव्ह १०८०, मग बंदिस्त ऑप्टिकल इंजिन (भिंगं आणि पॅनेल असलेला आतला भाग). उघड्या इंजिनात धूळ शिरते आणि काळ्या दृश्यांत तिचे ठिपके दिसतात. जुना ऑफिसचा थ्री-एलसीडी (तीन रंगांना तीन वेगळी पॅनेल असलेला) प्रोजेक्टर मिळत असेल तर तोही जरूर बघा. त्यांत तीन हजार ल्युमेन्सच्या आसपास खरा उजेड देणारे बरेच निघतात. पिक्सेल कमी असतात, पण चित्र उजळ. फक्त लॅम्प किती तास चालला आहे हे मेन्यूत बघा आणि नव्या लॅम्पची किंमत आधीच विचारून घ्या.

नवा घेतलात तर परत करायची मुदत संपण्याआधी, रात्री, तुमच्याच भिंतीवर तीन चित्रं लावून बघा. पूर्ण पांढरं: कोपरे मधल्यापेक्षा फार मंद नाहीत ना. पूर्ण काळं: धुळीचे ठिपके नाहीत ना. आणि बारीक अक्षरांचं पान: चारही कोपऱ्यांतली अक्षरं एकाच वेळी वाचता येतात का. न आल्यास सरळ परत करा.