फॉरमॅट पहिल्याच दिवशी का नाही मारला

नमस्कार भाऊ,

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाला दिलेला तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपूरच्या इतवारीतल्या तुमच्या दुकानाचा सीपीयू सुरू होत नव्हता. भाचा म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे, फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, विंडोज टाकायचं. आम्ही मात्र आठवडाभर ठेवून घेतला, रिपेअरचे पैसे लावले आणि शेवटी विंडोज नवीनच टाकलं. "हेच करायचं होतं तर पहिल्या दिवशी का नाही केलं?" वरून विंडोज 11 मागितलं असताना 10 च दिलं.

प्रश्न चुकीचा नाही. बर्डीवरच्या दुकानात बसून हा प्रश्न कायम ऐकतो, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

सीपीयू आणला तेव्हा मी काउंटरवर एकच गोष्ट विचारली होती: टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "डी ड्राइव्हमध्ये." भाऊ, तुमच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क एकच आहे. सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे. डिस्क गेली की दोन्ही गेले. त्यात डी मधला बॅकअप निघाला मागच्या आर्थिक वर्षाचा. चालू वर्षाची सगळी बिलं सी मध्ये, पब्लिक फोल्डरच्या आत, जिथे टॅलीप्राइम एरवी आपला डाटा ठेवतं. भाच्याने सी फॉरमॅट केला असता तर पहिला घाव तिथेच बसला असता. आणि "फाइल्स राहू द्या" म्हणून जे रीसेट येतं, तेही त्याच डिस्कवर भरपूर लिहितं आणि टाकलेले प्रोग्राम काढून टाकतं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन ज्यावर सुरू होतं त्या मूळ प्रोग्राममध्ये, डिस्क दिसत होती, पण उशिरा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य असावा लागतो. पेंडिंग म्हणजे डिस्कला स्वतःलाच वाचता न आलेल्या जागा. तुमच्या डिस्कवर तो आकडा आमच्या डोळ्यांसमोर वाढत होता. अशा डिस्कवर चेकडिस्कही, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोयही, चालवत नाही आम्ही, कारण ते कोपरान् कोपरा वाचायला लावतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच बसते. आधी तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली: चांगला भाग पहिले, अडकणाऱ्या जागा मागाहून, पुन्हा पुन्हा. तुमचे दिवस गेले ते यात. हे काम घाईने होत नाही. मधे लाइट गेली तर अर्ध्यावर थांबू नये म्हणून मशीन यूपीएसवर लावून रात्रभर सोडावं लागतं. प्रत झाल्यावर टॅलीची कंपनी उघडून शेवटचं बिल फोनवर तुम्हालाच वाचून दाखवलं होतं.

आता रिपेअर, म्हणजे आहे तेच विंडोज दुरुस्त करून उठवणं. ते सगळं प्रतीवर केलं, तुमच्या मूळ डिस्कला नंतर हातही लावला नाही. विंडोज सुरू करणाऱ्या बूट फाइल्स नव्याने बनवून दिल्या, तरी विंडोज निळा स्क्रीन देऊन परत फिरत होतं. विंडोज आपली सगळी सेटिंग जिथे ठेवतं त्या रजिस्ट्रीची मुख्य फाइलच त्या खराब जागेवर होती. पूर्वी विंडोज तिची एक जादा प्रत आपोआप ठेवायचं. विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. फोल्डर दिसतं, आत फाइल्स शून्य केबीच्या. विंडोज आधीच्या स्थितीत मागे नेणारं सिस्टम रिस्टोअर तुमच्याकडे बंद होतं. तिथे रिपेअर संपलं, म्हणून एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर, नवीन विंडोज.

मग रिपेअरचा प्रयत्न केलाच कशाला? कारण तुमच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची सीडी हरवली आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं. विंडोज जसंच्या तसं उठलं असतं तर ते, बारकोड प्रिंटर आणि डिजिटल सहीचा ड्रायव्हर सगळं जागेवर मिळालं असतं. आता ते काटेवाल्याकडून मागवावं लागलं, त्याचे पैसे आम्ही घेतलेले नाहीत.

फॉरमॅटला माझा विरोध नाही. डिस्क धडधाकट असेल, व्हायरसने सगळं पोखरलं असेल आणि गिऱ्हाईक म्हणत असेल की आत काही नकोय, तर त्याच दिवशी मारून देतो. पण फॉरमॅटने मशीन सुरू झालं म्हणजे बिघाड तोच होता, असं नाही. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल उतरला की बायोसची सेटिंग कारखान्यातल्यासारखी होते. मशीन डिस्कशी कसं बोलतं तो मोड बदलतो आणि चांगलं विंडोज उठेनासं होतं. सेल बदलून मोड परत लावला की काम झालं. तिथे फॉरमॅट मारला तरी मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि पाच वर्षांचे फोटो गेलेले असतात. तापाला सलाइन लावण्यातला प्रकार आहे हा.

विंडोज 11 बद्दल. तुमचा प्रोसेसर इंटेलचा सहाव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेल साधारण आठव्या पिढीपासून येतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. जुगाड करून टाकता येतं, बरेच जण टाकूनही देतात. पण पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडलं तर तुम्ही परत माझ्याच दारात. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही तेव्हाच सांगितलं होतं. जीएसटी आणि नेट बँकिंग याच मशीनवर करता, तर नव्या मशीनचा विचार लवकर करा. माझ्याकडूनच घ्या असं म्हणत नाही.

पैशांचं म्हणाल तर बिलात तीन ओळी आहेत: तपासणी, डाटा काढणं, एसएसडी आणि विंडोज. रिपेअर म्हणून वेगळी रक्कम लावलेली नाही, बिल एकदा काढून बघा. एसएसडीचा भाव सांगून, तुमचा होकार आल्यावरच ती बसवली.

सीपीयू काउंटरखाली कुलरच्या तोंडासमोर ठेवता, तेवढा मात्र हलवा. मे महिन्यात ती ओली हवा आत जाते आणि धूळ चिकटून बसते. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह घरी न्या.

जुनी डिस्क तुमच्याच पिशवीत परत दिली आहे. बर्डीवर कुठल्याही दुकानात लावून तिचं स्मार्ट बघून घ्या. नाहीतर भाच्याला घेऊन माझ्याकडे या, समोर लावून दाखवतो. सकाळी अकराच्या आधी आलात तर निवांत बोलता येईल, नंतर गर्दी असते.