फोडणीच्या वासाचे दीडशे युरो

सकाळी मेल वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. पॅरिसमध्ये सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या त्या घराच्या अनामत रकमेतून मालकीणबाईंनी १५० युरो कापले. कारण काय, तर पडद्यांना मसाल्याचा वास येतोय! पाच रात्रींत एकदा, फक्त एकदा, आईसाठी वरण-भात केला. चमचाभर तेल, मोहरी, जिरं, हिंग. खिडकी सताड उघडी. जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ लिहून पातेल्या-तव्यांचे फोटो यांनीच टाकले होते ना? मग स्वयंपाक केला म्हणून दंड कसला? आणि सफाईचे ९० युरो बुकिंगलाच वेगळे घेतले होते, ते कुठे गेले? वर निघताना चादरी काढून ठेवा, कचरा खाली नेऊन टाका, भांडी घासा, हे सगळं आम्हीच केलं. फ्रिज उघडला की आधीच्या कुणीतरी ठेवलेल्या चीजचा भपका यायचा, तो आम्ही पाच दिवस मुकाट सोसला. चीजचा वास चालतो आणि हिंगाचा चालत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

पॅरिसचा सां-जेर्मां-दे-प्रे हा भाग, लक्झेंबर्ग बाग जवळ, म्हणून एवढे पैसे मोजले. सहावा मजला, लिफ्ट नाही, आणि ही गोष्ट जाहिरातीच्या पार तळाशी बारीक अक्षरात. आईचे गुडघे! ती दिवसातून एकदाच खाली उतरायची, नंतर तेही नको म्हणायला लागली.

त्या जुन्या इमारतींत सगळ्यात वर मोलकरणींच्या खोल्या असत. तशाच दोन खोल्या जोडून हे ‘मोहक घर’ केलंय. म्हणे २५ चौरस मीटर! अर्ध्या जागेत छत इतकं उतरतं की ताठ उभं राहता येत नाही. फ्रान्समध्ये फ्लॅट विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरत नाहीत, १९९६ पासूनचा कायदा आहे. भाड्याने देताना मात्र सगळं मोजलं. वर जस्ताचा पत्रा, जुलै महिना, एसी नाही. ते पत्रे बसवणाऱ्यांच्या कसबाला २०२४ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला. त्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे, पण पत्र्याखाली रात्रभर ओला टॉवेल अंगावर घेऊन माझी आई पडली होती.

आज जाहिरात पुन्हा उघडली, तर महापालिकेचा नोंदणी क्रमांकच नाही. पॅरिसमध्ये असं घर पर्यटकांना द्यायचं तर जाहिरातीत तो द्यावाच लागतो. मी उत्तर पाठवलंय : पडदे धुतल्याची पावती पाठवा आणि नोंदणी क्रमांकही पाठवा. दोन्ही येईपर्यंत रोज एक मेल जाणार.