ई२० भरलं म्हणून मिथेनॉलचं किट काढायचं?

“आता पंपावर ई२० मिळतं. इथेनॉल काय, मिथेनॉल काय, दोन्ही अल्कोहोलच. सुपरचार्जरवाल्यांनो, मिथेनॉलचं किट काढून फेका आणि बिनधास्त बूस्ट वाढवा. जास्तच थंडावा हवा तर पेट्रोलच्या टाकीत दोन लिटर मिथेनॉल ओता.” हा मेसेज नागपुरातल्या गाडीवेड्यांच्या फोनवर फिरतोय. (ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून कोंबतो, त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला किट पाणी-मिथेनॉल फवारतं.) मला तो सात जणांनी पाठवला. आठवा थेट गाडी घेऊन आला.

जुनी जर्मन सेडान, बूस्ट वाढवायला सुपरचार्जरवर छोटी पुली चढवलेली. किट होतं, ते मेसेज वाचून काढलेलं. “भाऊ, उड्डाणपुलावर चढताना टिकटिक वाजते,” एवढीच तक्रार. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला, तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके आणि त्यात दोन-तीन चकाकते कण. ते कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचेच. नॉकिंगने, म्हणजे तापलेलं मिश्रण आपोआप भडकण्याने, पिस्टन कुरतडायला सुरुवात केली होती.

आता मेसेजकडे. ई२० मधलं इथेनॉल उडताना हवा थंड करतं, हे खरं. पण किती? एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला ८४०, मिथेनॉलला ११००, पाण्याला २२६०. ई२० मध्ये पाचातला एकच वाटा इथेनॉलचा. हिशोब मांडला तर किलोभर हवेतून निव्वळ पेट्रोल साधारण २४ किलोज्यूल ओढतं, ई२० सुमारे ३३. म्हणजे फार तर नऊ अंशांचा फरक, तोही कागदावर, कारण पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत फवारलेलं बरंचसं इंधन गरम धातूवर बसून उडतं. ई१० वरून ई२० वर आला असाल तर याच्याही निम्मा.

समोर आपला मे महिना ठेवा. ४५ अंशांची हवा, ०.६ बार बूस्ट आणि ६० टक्के कार्यक्षमतेचा रूट्स ब्लोअर (सुपरचार्जरचाच एक प्रकार). त्यातून बाहेर पडणारी हवा १२० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर आहे, पण त्यालाही वारा ४५ चाच लागतो. या आगीत नऊ अंश म्हणजे तापल्या तव्यावर चार थेंब.

किट करतं ते वेगळंच. निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल, इंधनाच्या पंधरा टक्के मात्रेत फवारलं तर किलोभर हवेतून आणखी २० किलोज्यूल निघतात. हवेतच बारीक धुकं होत असल्याने त्यातला मोठा भाग खरोखर हवेलाच थंड करतो. शिवाय बूस्ट चढल्यावरच ते सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट १०९ विमानांच्या सुपरचार्ज्ड इंजिनांना जर्मन हेच मिश्रण पाजत होते, नाव एमडब्ल्यू ५०, आणि एका वेळी दहा मिनिटांपुरतंच.

“दोन्ही अल्कोहोलच” हे वाक्य तर धोक्याचं. पूर्ण ज्वलनाला एक किलो इथेनॉल नऊ किलो हवा घेतं, मिथेनॉल जेमतेम साडेसहा. म्हणजे पेट्रोलसाठी ट्यून केलेल्या गाडीच्या टाकीत मिथेनॉल ओतलं की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि बूस्टवर लीन म्हणजे पिस्टनला आमंत्रण. वर ते ॲल्युमिनियम खातं, पाणी शिरलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. आणि माणसाचं काय? २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्या दारूनेच. ते कातडीतूनही शरीरात शिरतं, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. (गंमत म्हणजे मिथेनॉलच्या विषबाधेवर डॉक्टर इथेनॉलही देतात. इतकी ती दोन भावंडं सारखी!)

मेसेजच्या शेवटी एक नागपुरी दाखला आहे: आपल्याकडे इथेनॉलवर बस धावली, मग कारला काय धाड भरली? धावली, २०१४ पासून, स्कॅनियाची. पण ते इंजिन डिझेलच्या पद्धतीचं, दाबाने पेटणारं, सुमारे २८:१ कॉम्प्रेशनचं. इंधनात ९५ टक्के इथेनॉल आणि पेट घ्यायला मदत करणारं रसायन. इंधनासाठी इंजिन बनवलं होतं. आपल्याकडे इंजिन आधी आणि मेसेज नंतर!

एक गोष्ट मात्र मान्य करतो. इथेनॉल भरपूर असेल तर किटची गरज खरंच संपू शकते. कोएनिगसेगची सीसीएक्सआर घ्या, दोन सुपरचार्जर, ई८५ वर (८५ टक्के इथेनॉल) १०१८ अश्वशक्ती, तर पेट्रोलवरची तिची बहीण ८०६. पण त्यासाठी इंजेक्टर, पंप, मॅप (किती इंधन कधी सोडायचं याचा इंजिनाच्या संगणकातला तक्ता) सगळं बदलावं लागतं, कारण तेवढ्याच हवेला दीडपट वजनाचं इंधन ओतावं लागतं. ई२० कुठे, ई८५ कुठे.

किटवाल्यांनीही फुशारू नये. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बोसोबत हीच पाणी-मिथेनॉलची बाटली होती, आणि लोक ती भरायलाच विसरायचे. निदान तिच्यात बाटली रिकामी झाली की बूस्ट रोखणारी सोय तरी होती. आज लेव्हल स्विच आणि फ्लो सेन्सर (बाटली रिकामी झाली किंवा फवारा थांबला हे सांगणारे) न लावता किट बसवणाऱ्याला मी गाडी देणार नाही.

त्या सेडानला मूळची मोठी पुली परत बसवली, टिकटिक थांबली. किट मालकाने मेसेज वाचल्याच्या आठवड्यातच विकून टाकलं होतं, अर्ध्या किमतीत.