मिल्क प्रोटीनचा शाम्पू केसाला खुराक देत नाही, अन् सगळ्यांना चालतो असं तर बिलकुल नाही

पंधरा दिवस झाले, लातूरकडच्या बचत गटांच्या अन् सासर-माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, तुम्हालाही आला असंल. त्यात लिहिलंय की केस प्रोटीनचे असतात म्हणून मिल्क प्रोटीनवाला शाम्पू लावला की मुळाला खुराक मिळतो अन् केस वाढतात, क्रीममधलं दुधाचं प्रोटीन कातडी पिऊन घेते अन् रंग उजळतो, दूध नैसर्गिक असल्यामुळं तान्ह्या लेकरापासून सगळ्यांना चालतं, ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही, आणि एवढे पैसे नसतील तर देवणी गायीचं कच्चं दूध लावा, एकच गोष्ट आहे. मी मेडिकल चालवते, रोज कुणी ना कुणी ताई मोबाईल पुढं करून तसली बाटली मागतेच, म्हणून एकदाच बसून लिहिते. तिसरा मुद्दा तेवढा नीट वाचा, बाकीच्यांत बहुतेक करून पैसेच जातात, तिसऱ्यात लेकरू दवाखान्यात जातं.

पहिला, मुळाला खुराक. डोक्यावर दिसतो तो केस नखासारखाच निर्जीव असतो. जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी, आणि तिथं अन्न रक्तातून येतं, बाटलीतून नाही. महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर केस वाढतो तो आपण जे खातो त्याच्यावर. केस प्रोटीनचे असतात हे खरंय, पण प्रोटीन प्रोटीनमध्ये फरक आहे ना! केसाचं प्रोटीन केराटिन, त्यात सिस्टीन नावाचा सल्फरवाला घटक भरपूर, त्याच्यामुळंच केस चिवट असतो. दुधातलं जवळजवळ 80 टक्के प्रोटीन म्हणजे केसिन, त्यात सिस्टीन अगदीच थोडं. त्यामुळं दुधाचं प्रोटीन जाऊन केसाचा तुटलेला भाग भरून काढतं हे पटण्यासारखं नाही. बाळंतपणानंतर नाहीतर टायफॉइड, डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीनं केस जातात तेव्हा बायका घाबरून हेच शाम्पू घेतात, ते केस बहुतेक वेळा पुढं आपोआप येतात अन् नाव शाम्पूचं होतं. केस जातच राहिले तर रक्त तपासा, हिमोग्लोबिन बघा, ताटात तुरीचं वरण अन् शेंगदाणे वाढवा, प्रोटीन तिकडून जाऊ द्या.

मग हे प्रोटीन काहीच करत नाही का? करतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. बाटलीत असतं ते बहुतेक हायड्रोलाइज्ड मिल्क प्रोटीन, म्हणजे एन्झाइमनं नाहीतर आम्लानं मोठ्या प्रोटीनचे बारीक तुकडे केलेले. हे तुकडे केसाच्या वरच्या खवल्यांना चिकटतात, एक पातळ थर बसतो, थोडं पाणी धरून ठेवतात, अगदी बारीक असलेले जरासे आतही शिरतात. केस गुळगुळीत लागतो, कंगवा अडकत नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे डाग पडतात, त्या पाण्यातले क्षार केसावर बसून केस झाडूसारखा होतो, अशा केसाला ह्या थराचा फरक जाणवतो, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या धुण्यात तो बराचसा निघून जातो. आणि शाम्पूच्या मागं लिहिलेली यादी बघा, 1 टक्क्याच्या वरचे घटक जास्तीकडून कमीकडं लावावे लागतात, त्याच्या खालचे कसेही लिहिले तरी चालतात. तुमच्या बाटलीवर मिल्क प्रोटीन परफ्यूमच्या आसपास शेवटाला असंल तर ते किती आहे ह्याचा अंदाज तुम्हीच करा, पुढं चित्र मात्र दुधाच्या धारेचं.

दुसरा मुद्दा लवकर संपतो. कातडीच्या वरच्या थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू सहज आत जात नाही, केसिन 20 हजार डाल्टनच्या आसपास असतं. ते कातडीवरच बसतं, मऊ वाटतं, एवढंच. दही लावल्यावर चेहरा तुकतुकीत होतो असं आजी म्हणायची, तिचं खोटं नव्हतं, पण ते काम लॅक्टिक ॲसिडचं, 90 डाल्टनचा छोटा रेणू, वरची मेलेली कातडी सैल करतो. प्रोटीनचा त्यात हात नाही. आणि रंग उजळायचाच कशाला, सावळ्या पोरीला हे ऐकवणं बंद करा हो.

आता तिसरा. दूध सोसत नाही म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात अन् मेसेजवाल्यानं दोन्ही एकात कालवल्यात. एक, दूध पिऊन पोट फुगतं, जुलाब होतात. ती दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम कमी असल्यामुळं. अशा माणसानं दुधाचा शाम्पू लावला तर त्याचं पोट बिघडत नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर. दुसरी, दुधाची ॲलर्जी. ती साखरेची नसते, प्रोटीनचीच असते, केसिनची, नाहीतर दुधाच्या निवळीतल्या व्हे प्रोटीनची, म्हणजे बाटलीत मुद्दाम टाकलंय त्याचीच! माझ्या बहिणीच्या लेकराला आठव्या महिन्यात ॲलर्जी आहे हे कळलं, एक घोट वरचं दूध दिलं अन् ओठ सुजले. घरातलं सगळं बदललं, पण पाहुण्यांनी आणलेलं बेबी लोशन कुणाच्या डोक्यात आलं नाही. गालावर एक्झिमा होता, तिथली कातडी फाटलेली, त्याच्यावर ते चोळलं अन् अर्ध्या तासात गांध्या उठल्या. मी स्वतः मेडिकलवाली, मी बाटली उलटी करून बघितली नव्हती, ते अजून लागतं मनाला.

फाटलेल्या कातडीला तो 500 डाल्टनचा नियम लागू नाही, तिथून प्रोटीन आत जातं. तुकडे केले म्हणून ॲलर्जी जात नाही. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं हायड्रोलाइज्ड प्रोटीन होतं, तो रोज वापरणाऱ्या 2000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, पुढं साधं गव्हाचं खाल्लं तरी त्रास, 2011 मध्ये साबण बाजारातून परत घ्यावा लागला. त्यातल्या बहुतेकांना आधी गहू सोसत होता. ते गव्हाचं होतं, दुधाचं नाही, पण प्रोटीन कातडीतून शरीराला वैरी वाटायला लागू शकतं हे तिथं दिसलं. निरोगी कातडीच्या, ॲलर्जी नसलेल्या माणसाला मिल्क प्रोटीननं सहसा काही होत नाही, त्यांनी खुशाल वापरावं. पण "तान्ह्या लेकरापासून सगळ्यांना" हे वाक्य लिहायचा कुणालाच अधिकार नाही.

चौथा, कच्चं दूध. बाटलीतलं तुकडे केलेलं, पाण्यात विरघळणारं प्रोटीन अन् चरवीतलं दूध एक नाही. दुधातलं केसिन गाठोड्यांसारखं असतं, बरोबर साय पण असते, ते डोक्यात आंबतं, वास मारतं. आणि न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला नावाचा, ताप आणणारा जंतू येऊ शकतो, तो हातातोंडावरच्या जखमेतून पण शिरतो. देवणी असो नाहीतर लाल कंधारी, दूध उकळून प्या.

ज्यांच्या घरी दुधाची ॲलर्जी असलेलं लेकरू आहे त्यांनी बाटलीमागं ही नावं शोधायची, मिल्क प्रोटीन, हायड्रोलाइज्ड मिल्क प्रोटीन, लॅक्टिस प्रोटीनम, केसिन, सोडियम केसिनेट, व्हे प्रोटीन. अक्षर बारीक असतं, मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचा, नाहीतर कुठल्याही मेडिकलवर दाखवा, आम्ही वाचून सांगतो. लावल्यावर गांध्या उठल्या तर आधी पाण्यानं धुवा, आणि ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, लेकरू उचलून सरळ दवाखाना गाठा.